मुलांच्या हातचा फराळ

(नभोवाणीवरील भाषण)

पर्वत पाटिया हे नाव ऐकून आपणांपैकी कोणाच्या डोळ्यांपुढे एखादा डोंगर उभा राहिला असेल, तर तो त्यांनी कृपा करून खाली उतरवावा. सुरतेच्या पूर्वेकडचा आमचा हा भाग तळहातासारखा सपाट आहे. इतका की मोठा पाऊस झाला म्हणजे खाडीचे पाणी विनासायास वस्तीत शिरते. पर्वत हे जुन्या गावाचे नाव, आणि पाटिया म्हणजे हमरस्त्यावर जेथे गावाची पाटी उभी असते ते वळण. आता गाव, पाटी आणि वळण, सारेच शहराच्या पोटात गेले आहे. कापडबाजार जवळ असल्यामुळे येथे राजस्थानातून आलेले व्यापारी आहेत, गुजरातच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे आहेत, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंची आमची मराठी मंडळीही पुष्कळ आहेत. सुरतेची महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते, ही गोष्ट महाराष्ट्रात कित्येकांस ठाऊक नसते. अशाच मराठी मुलांस शिकविण्यात माझी अठरा वर्षे गेली. मी मूळचा वसईचा, धर्माने कॅथलिक ख्रिस्ती. त्यामुळे डिसेंबर उजाडला की माझ्या घरी नाताळच्या फराळाचा विषय निघतो. त्याच फराळाविषयी, आणि विशेषतः तो लहान मुलांना बरोबर घेऊन कसा करावा याविषयी, आज मी आपणांशी थोडे बोलणार आहे.

हा विषय एखाद्या सुगरण भगिनीने मांडावयाचा, हे मला कबूल आहे. परंतु माझी पत्नी परिचारिका आहे, आणि रुग्णालयास सणवार नसतो. नाताळच्या आदल्या रविवारी तिला कामावर जावे लागते, असे एकदा नव्हे अनेकदा घडले आहे. गुजरातेतील शाळांना लांबलचक सुट्टी मिळते ती दिवाळीची. नाताळास एकच दिवस. तेव्हा जे काही करावयाचे ते त्या रविवारी, आणि घरात असतो मी आणि दोन मुले: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. माझा फराळ या अडचणीतून सुरू झाला.

पण त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मला संकोच वाटतो. मुलगा चार वर्षांचा असताना एका रात्री तो गालाला हात लावून रडत उठला. पहाटेपर्यंत त्यास डोळा लागला नाही, आणि मलाही नाही. दुसऱ्या दिवशी दंतवैद्य बाईंनी दिवा धरून पाहिले, तो खालच्या दोन दुधाच्या दाढा पोखरलेल्या. मी म्हणालो, "बाई, आमच्या घरी मिठाई फारशी येत नाही." त्यांनी शांतपणे विचारले, "किती येते ते नको, दिवसातून किती वेळा येते ते सांगा." मी मनाशी मोजू लागलो. उत्तरपत्रिका तपासावयास बसलो की तो शेजारी येऊन चुळबुळ करी. मी त्याच्या हाती एक बिस्कीट देई. पाहुण्यांशी बोलत असलो की एक गोळी. बसमध्ये एक, प्रार्थनेच्या वेळी एक. श्रोतेहो, मी मुलास खाऊ देत नव्हतो, त्याच्या गप्प बसण्याचा मोबदला देत होतो. आणि तो दिवसातून सहा-सात वेळा.

त्या बाईंनी मला जे समजावून दिले ते प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावे असे आहे. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातांचे कवच झिजविते. खाणे झाल्यावर सुमारे अर्धा तास हा मारा चालतो. मग लाळ हळूहळू झीज भरून काढते. एकाच बैठकीत चार तुकडे खाल्ले तर मारा एकदा होतो. तेच चार तुकडे दिवसभर पुरवून खाल्ले तर चार वेळा होतो, आणि लाळेस सवड मिळत नाही. दुधाच्या दातांचे कवच तर अधिकच पातळ. "पडणारेच दात ते" असे म्हणून आपण सोडून देतो; पण दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत मुलाला पुरावयाच्या असतात. माझ्या मुलाची त्यांतील एक काढावी लागली.

साखर किती असावी याचाही हिशेब मी शिक्षकाच्या सवयीने करून पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या एक दशांशाहून कमी असावी, आणि निम्म्यावर आणता आली तर आणखी बरे. पाच-सहा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे १३०० उष्मांक लागतात असे धरू. त्याचा दशांश १३०. एक ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात, म्हणजे झाली ३२ ग्रॅम. चहाचे सहा-सात चमचे. दूध, सरबत, बिस्किटे यांतून ती केव्हाच संपून जाते. आणि येथे गुळाविषयी एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे गूळ म्हणजे औषध अशी समजूत आहे. गुळास स्वाद आहे, थोडे क्षार आहेत, मला तो साखरेहून प्रियही आहे. पण मुलाच्या दाताला आणि शरीराला तो साखरच आहे. मधाचेही तेच, आणि एक वर्षाखालील बाळास तर मध मुळीच चाटवू नये, त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होते.

एवढे ज्ञान झाल्यावर मी पुढील नाताळास धर्मयुद्धच पुकारले. साखर नाही, गूळ नाही, तूप नावापुरते. नाचणीचे पीठ आणि खजूर मळून मी वड्या भाजल्या. मुलीने एक दाताखाली धरली, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "बाबा, येशूच्या वाढदिवशी आपल्याला शिक्षा का?" धाकट्याने त्या वड्यांचे घर बांधले, ते पडले तरी वडी फुटली नाही. त्या दिवशी मला एक उमगले. जे मूल आवडीने खात नाही ते आरोग्यास कितीही हितकर असले तरी ताटात राहते, आणि मूल शेजारच्या दुकानाकडे पळते. सणाला गोड हे असावेच; ते लहान असावे, जेवणानंतर असावे आणि घरात एका विशिष्ट दिवशी तयार झालेले असावे. आणि मुलाने स्वतः केलेले असेल तर बरेचसे काम आपोआप होते. हे शेवटचे कसे ते पुढे सांगतो.

सुरतेत राहून भट्टीचा पदार्थ करावयाचा तर नानखटाईस मान द्यावा लागतो. तिचे माहेर सुरत. डच व्यापाऱ्यांनी येथे आपल्या लोकांसाठी पावाची भट्टी घातली, पुढे ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांच्या हाती आली, आणि खप नसलेल्या पावापासून प्रथम कोरडी बिस्किटे व नंतर नानखटाई जन्मास आली, असे येथे सांगतात. तो पाव ताडीने फुगवीत, हे ऐकून आम्हां वसईकरांस आपल्या फुग्यांची आणि सांदणांची आठवण होते. आता गुजरातेत ताडी मागण्याची सोय नाही. नाताळच्या केकातील मनुकाही आम्ही मद्याऐवजी संत्र्याच्या रसात भिजवितो. मुलांच्या दृष्टीने राज्याचा कायदा येथे माझ्या बाजूचा आहे.

आमची नानखटाई अशी. एक वाटी नाचणीचे पीठ मंद विस्तवावर पाच-सात मिनिटे कोरडे भाजून थंड करावे. हे वगळले तर कच्चा वास राहतो. त्यात एक वाटी कणीक, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलची मिसळावी. पाऊण वाटी थिजलेले तूप आणि अर्धी वाटी बारीक केलेला गूळ हाताने खूप फेसावा. मग पीठ मिसळावे, आणि गोळा सुटत असेल तर चमचाभर दूध. नेहमीच्या नानखटाईत मैदा असतो, साखर जवळजवळ दुप्पट असते. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कणकेत त्याच्या दशांशाच्या आसपास. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले तेव्हा नाचणीस मोठमोठ्या मेजवान्यांत स्थान मिळाले, पण आमच्या आजीला तिची महती कोणी सांगावी लागली नव्हती.

घरी भट्टी नसेल तर अडू नये. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन बोटे मिठाचा थर द्यावा, त्यावर एक कडे, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे, आणि मग ताटलीत मांडलेली नानखटाई आत ठेवावी. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत होते. बाहेर काढताना ती मऊ लागते. बिघडली असे समजू नये, निवली की खुटखुटीत होते. मुलीकडे वाट्यांचे माप असते. पाऊण म्हणजे काय, हे मी वर्गात फळ्यावर जितके दिवस शिकवितो तितक्या मिनिटांत तिला ते तुपाच्या वाटीत कळले.

पण मुलांचा खरा पदार्थ कुलकुल. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्या काळाच्या ज्या खुणा आमच्या स्वयंपाकात उरल्या त्यांपैकी हा एक असावा. गोव्यात यास किडियो, म्हणजे किडे, असेही म्हणतात. हे नाव मी घरी सांगितले मात्र, धाकट्याचा उत्साह द्विगुणित झाला. माझ्या लहानपणी वसईच्या घरी नाताळच्या आठ दिवस आधी आई अंगणाकडच्या पडवीत चटई अंथरी. शेजारची मुले धरून आम्ही दहा-बारा जण गोल बसत असू. प्रत्येकाच्या हाती एक नवा कोरा, धुतलेला कंगवा. बोराएवढी पिठाची गोळी कंगव्यावर चेपावयाची आणि एका टोकाकडून गुंडाळीत न्यावयाची, की शंखासारखी रेघांची सुरळी होते. पहिल्या वीस वाकड्या, पुढे हात बसतो. आई कधी कोणाची वाकडी मोडून नीट करीत नसे. तळून झाल्यावर ज्याची त्यास ओळखू येई आणि आम्ही आपापल्या वाकड्या सुरळ्या हुडकून खात असू.

सुरतेत मी ते पीठ असे भिजवितो: एक वाटी कणीक, एक वाटी मैदा, दोन चमचे बारीक रवा, दोन चमचे तूप, तीन चमचे पिठीसाखर, मीठ, आणि मळण्यापुरते नारळाचे दूध. निव्वळ कणकेचे करून पाहिले, सुरळी उलते. पूर्वी अंडे घालीत. मी घालीत नाही, त्याचे कारण पुढे येईल. वसईस तळलेल्या कुलकुलांवर साखरेच्या पाकाचे पांढरे कवच चढवितात. दातांना चिकटणारी साखर तीच. तेवढे कवच मी काढून टाकले, आणि खरे सांगावयाचे तर नारळाची चव त्यामुळे अधिक कळते. तळणे मात्र ठेवले आहे. तळलेला पदार्थ तळलेलाच, त्यास मी पौष्टिक म्हणणार नाही. वर्षातून एक दिवस आहे. तळण चुलीपाशी मी एकटा करतो. मुलांची चटई दुसऱ्या खोलीत असते आणि तेल निवेपर्यंत उंबरा ओलांडावयाचा नाही, हा नियम आहे.

गेल्या नाताळात या चटईवर आणखी तिघे आले. आमच्या शेजारी खानदेशातील एक कुटुंब आहे. नवरा यंत्रमागावर जातो, बाई घरी साड्यांवर खडे चिकटविण्याचे काम करते. नगावर मजुरी असते, हात थांबला की पैसा थांबतो. मुले रडू लागली की पाच रुपयांची पुडी आणून देते. याबद्दल तिला कोणी उपदेश करू नये; मी पगारी नोकर असून तेच करीत होतो. तिची मुलेही शाळेतून आली की खडे लावावयास बसतात. थोरल्या मुलीची बोटे इतकी सराईत आहेत की पहिलीच सुरळी तिने अशी नेटकी केली की माझी मुले पाहत राहिली. मी म्हणालो, "शाबास, भराभर होतात तुझ्या." तिने विचारले, "सर, किती करायच्या आहेत?" मी सांगितले, किती म्हणून काही नाही, कंटाळा येईपर्यंत. तिला ते प्रथम खरेच वाटले नाही. थोड्या वेळाने मी पाहतो तो ती सुरळ्या करावयाच्या सोडून पिठाची चिमणी करीत बसली होती. ती चिमणी मी तळली. चोच जळाली, पण तिने ती घरी नेली.

दोन तास गेले. आता मघाची राहिलेली गोष्ट सांगतो. त्या दोन तासांत पाच मुलांपैकी एकानेही खाऊ मागितला नाही. हात पिठाने माखलेले, डोळे कंगव्यावर. आणि संध्याकाळी जेवणानंतर प्रत्येकाच्या पुढे चार-चार कुलकुल मांडले, तेव्हा कोणी ओंजळ भरून पुढे केली नाही. हे माझे, हे तुझे, असे पाहत पाहत एकेक सावकाश खाल्ले गेले. पुडीतील वस्तू मूल मोजीत नाही, स्वतः केलेली मोजते. वर चूळ भरावयाची, ही दंतवैद्य बाईंची दक्षिणा.

शेजारीण बाई रात्री मुलांना न्यावयास आली, ती ज्वारीच्या लाह्या घेऊन. म्हणाली, "सर, आमच्याकडे याचे लाडू करतात, स्वस्तात होतात." झालेही. चार वाट्या लाह्या, पाऊण वाटी गूळ, चमचाभर तूप, मूठभर भाजलेले तीळ. येथे मात्र सावध राहावे. गुळाचा पाक पाण्याहून अधिक तापतो आणि कातडीस चिकटून बसतो. पाक मोठ्यांनीच करावा, आणि मिश्रण हाताला सोसेल इतके निवाल्यावरच मुलांच्या हाती द्यावे. हात गार पाण्यात बुडवून लाडू वळावेत. दाण्याच्या चिक्कीपेक्षा हे लाडू मला लहानांसाठी बरे वाटतात. पाच वर्षांखालील मुलास अख्खे शेंगदाणे, बदाम, काजू देऊ नयेत; हसता-बोलता दाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततो. कूट करून द्यावे. आणि दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे असतील ते निर्दयपणे फेकावेत, कारण त्या बुरशीचे विष भाजूनही जात नाही. निवडण्याचे हे काम मुलांस फार आवडते. त्यांस दोषी शोधण्याचा अधिकार मिळतो.

ज्यांस करण्याची सवडच नाही त्यांच्यासाठी सुरतेने याच दिवसांत आणखी एक सोय करून ठेवली आहे, ती पोंकाची. पोंक म्हणजे आपला हुरडा. तापीपलीकडे अडाजणच्या बाजूस कोवळ्या ज्वारीची कणसे राखेत भाजून, फडक्यात झोडपून, हिरवेगार दाणे तराजूत घालतात. बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेच्या गोळ्या देतात. गोळ्या मी परत करतो, शेवेच्या बाबतीत तितका मनोनिग्रह होत नाही. कणसापासून दाणा कसा निघतो हे शहरातील मुलांस तेथे उभे राहून पाहावयास मिळते, आणि नाताळच्या दिवशी सकाळी पोंकाची वाटी पुढे आली तर दुपारपर्यंत गोडाची आठवण होत नाही.

अंड्याचे कारण सांगावयाचे राहिले. वसईत आणि गोव्यात नाताळचा फराळ घरापुरता कधीच नसतो. ताट भरून, वर रुमाल टाकून, तो शेजारी पाठवावयाचा असतो. आमच्या पर्वत पाटियाच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राजस्थानी जैन कुटुंब आहे, समोर गुजराती आहेत. अंडे घातले तर ताट जिन्यातूनच परत येईल. पहिल्या वर्षी मी स्वतः ताट घेऊन गेलो. दारातल्या आजीबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग एक कुलकुल उचलून निरखला. नेवरीकडे पाहून मात्र त्या म्हणाल्या, "हा तर आमचा घुघरा." आमची नेवरी, आपली करंजी, त्यांचा घुघरा, सारण थोडे इकडे-तिकडे. तेव्हापासून उत्तरायणास त्यांची तिळाची चिक्की येते, आणि ती आम्ही दातांच्या भयाने लहान तुकडे करून, जेवणानंतर, पण सगळी खातो.

आता ताट मी नेत नाही, मुले नेतात. गेल्या वर्षी धाकट्याने दोन कुलकुल कागदात बांधून वेगळे ठेवले होते. कोणासाठी, असे विचारले तर म्हणाला, दाताच्या डॉक्टरबाईंसाठी. त्यांना सांगायचे, वर साखर नाही. जानेवारीत तपासणीस गेलो तेव्हा ती पुडी आम्ही नेली. बाईंनी एक लगेच तोंडात टाकला आणि दुसरा जेवणानंतरसाठी टेबलाच्या खणात ठेवून दिला.